नातवाला शंभरावर गुण कसे मिळाले? इंग्लंडमधील ‘सॅट्स’ चाचण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमधील सरकारी प्राथमिक शाळांत शेवटच्या वर्षी, म्हणजे ‘इयर सिक्स’मध्ये, मे महिन्यातील चार दिवस मुलांच्या राष्ट्रीय चाचण्या होतात. त्यांना सर्वजण ‘सॅट्स’ म्हणतात. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या सॅट परीक्षेशी त्यांचा काहीही संबंध नाही. मुले त्या वेळी दहा-अकरा वर्षांची असतात, म्हणजे वयाने आपल्याकडच्या पाचवीतली. या चाचण्यांविषयी इंग्लंडमधील मराठी पालकांची, तसेच इकडे महाराष्ट्रात असलेल्या आजी-आजोबांची पत्रे गेले काही महिने येत आहेत. मी इंग्लंडमधील एका प्राथमिक शाळेत याच वर्गाला शिकवत असल्याने हे सारे प्रश्न माझ्या रोजच्या कामातले आहेत, आणि म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : माझा नातू लीड्स येथे असतो. जुलैमध्ये त्याचा निकाल लागला. वाचनात १०४, गणितात ११२ आणि व्याकरणात ९९ मिळाल्याचे मुलाने फोनवर सांगितले. मी स्वतः शाळेत शिक्षिका होते, पण शंभरपैकी एकशेचार गुण कधी कोणाला दिल्याचे मला आठवत नाही. हे गुण कसे धरतात? आणि ९९ मिळूनही सूनबाई नाराज का आहेत?
(एक आजी, कोल्हापूर)

उत्तर : आजी, आपण आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या, त्यामुळे शंभरावर गेलेला आकडा आपल्याला खटकणे स्वाभाविक आहे. १०४ हे शंभरपैकी मिळालेले गुण नाहीत आणि ती टक्केवारीही नाही. वाचनाची प्रश्नपत्रिका ५० गुणांची असते, व्याकरण आणि शुद्धलेखनाच्या दोन पत्रिका मिळून ७० गुणांच्या असतात, तर गणिताच्या तीन पत्रिका मिळून ११० गुणांच्या. मुलाने मिळवलेले हे प्रत्यक्ष गुण त्या वर्षासाठी तयार केलेल्या तक्त्यावरून ८० ते १२० या पट्टीवर बसवले जातात, आणि आपल्याला फोनवर जे कळले ते हे रूपांतरित आकडे आहेत. या पट्टीवर १०० हा उंबरठा आहे. प्राथमिक शाळा सोडताना मुलाला जेवढे यावे अशी अपेक्षा असते तेवढे त्याला येते, एवढाच १०० किंवा त्यावरील आकड्याचा अर्थ. ११० आणि त्यापुढील मुले वरच्या पातळीवर धरली जातात, आणि आपल्या नातवाचे गणित त्या पातळीवर आहे.

हा खटाटोप करावा लागतो, कारण दरवर्षी प्रश्नपत्रिका नवी असते आणि कितीही काळजी घेतली तरी ती मागच्या वर्षीइतकीच अवघड निघत नाही. २०२३ मधील वाचनाच्या पत्रिकेचे उतारे इतके कठीण होते की ठिकठिकाणच्या शाळांत मुले रडवेली होऊन बाहेर आली, कित्येकांची पत्रिका पुरी झाली नाही आणि मुख्याध्यापकांनी उघडपणे तक्रारी केल्या. आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, उंबरठा गाठायला वाचनात ५० पैकी २९ गुण लागले होते. २०२३ मध्ये २४ गुण पुरले. दोन गावांच्या बाजारांत मापटी लहानमोठी असतील, तर कोणाकडे धान्य किती हे मापट्यांच्या संख्येवरून सांगता येत नाही, त्यासाठी ते किलोत सांगावे लागते. ८० ते १२० ही पट्टी त्या किलोसारखी आहे. वेगवेगळ्या वर्षी चाचणी दिलेल्या दोन भावंडांचे १०४ सारखेच मानता येतात, मग त्यांचे प्रत्यक्ष गुण वेगळे का असेनात.

राहिला प्रश्न ९९ चा. सूनबाई नाराज आहेत, कारण हा आकडा उंबरठ्याच्या एक पायरी अलीकडे आहे, आणि निकालपत्रकावर १०० असता तर ‘एएस’, म्हणजे अपेक्षित पातळी गाठली, असे लिहून आले असते. आता तिथे ‘एनएस’ आले असेल. परंतु या चाचण्यांत नापास होणे असा काही प्रकार नाही. फेरपरीक्षा नसते, वर्ष वाया जात नाही, सप्टेंबरमध्ये नातू आपल्या सोबत्यांबरोबरच माध्यमिक शाळेत जाईल. व्याकरणाची चाचणी तर वाचन, लेखन आणि गणित यांच्या एकत्रित निकालात धरलीही जात नाही. त्या निकालातील लेखनासाठी वेगळी चाचणी नसते; मुलाचे वर्षभरातील लिखाण पाहून वर्गशिक्षक शेरा देतात. हा शेरा आपल्याला कोणी सांगितला नसेल तर अवश्य विचारून घ्यावा, कारण चार दिवसांच्या आकड्यांपेक्षा माझ्या मते तो मुलाविषयी अधिक सांगतो. २०२५ मध्ये तिन्ही विषयांत अपेक्षित पातळी गाठणारी मुले ६२ टक्के होती, म्हणजे दर शंभरांतील ३८ मुले कुठल्या ना कुठल्या विषयात उंबरठ्याच्या अलीकडे राहिली. हेही सूनबाईंच्या कानावर घालावे.

प्रश्न : माझा मुलगा इयर सिक्समध्ये आहे. पुण्याचे नातेवाईक या चाचण्यांना ‘तुमच्याकडची बोर्डाची परीक्षा’ म्हणतात आणि शाळेतही वातावरण तसेच आहे. यातील गुणांवर माध्यमिक शाळेतील प्रवेश ठरतो का? आणि हे गुण पुढे त्याच्या मागे लागतात का?
(एक आई, स्लाव)

उत्तर : प्रवेश यावर ठरत नाही, आणि त्याचा पुरावा तुमच्या घरच्या कॅलेंडरवरच आहे. सरकारी माध्यमिक शाळेसाठी अर्ज भरण्याची मुदत ३१ ऑक्टोबरला संपते आणि कोणती शाळा मिळाली हे १ मार्चच्या सुमारास कळते. सॅट्स होतात मे महिन्यात आणि निकाल येतो जुलैमध्ये. मुलगा पहिल्या पत्रिकेवर नाव घालतो तेव्हा त्याची शाळा ठरून दोन महिने झालेले असतात. स्लावमध्ये गोंधळ होतो तो ग्रामर शाळांमुळे, म्हणजे परीक्षेने मुले निवडणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळांमुळे. त्या शाळांची ‘इलेव्हन प्लस’ ही प्रवेश परीक्षा याच वर्षी, पण सप्टेंबरमध्ये होते. ती निवड करण्यासाठी असते, ऐच्छिक असते आणि सॅट्सपासून पूर्णपणे वेगळी असते.

गुण मागे लागतात का, याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल. माध्यमिक शाळेला हे आकडे मिळतात आणि काही शाळा सुरुवातीला गणिताचे किंवा इंग्रजीचे गट पाडताना ते पाहतात. अनेक शाळा मात्र ‘इयर सेव्हन’च्या, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्षाच्या, आरंभी स्वतःची चाचणी घेतात आणि गट नंतर बदलतातही. याखेरीज सरकार हे आकडे सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेपर्यंत जपून ठेवते. अकराव्या वर्षी सारख्या पातळीवर असलेली मुले पुढे आठ विषयांत कुठवर गेली याची तुलना करून ‘प्रोग्रेस एट’ नावाचा आकडा काढला जातो, पण तो मुलाला नव्हे, त्याच्या माध्यमिक शाळेला दिला जातो. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये सॅट्स झाल्या नाहीत. त्या तुकड्या २०२५ आणि २०२६ मध्ये जीसीएसईला पोहोचल्या तेव्हा तुलनेला मागचा आकडाच नसल्याने या दोन वर्षी शाळांचा ‘प्रोग्रेस एट’ निघू शकला नाही. त्यामुळे मुलांच्या जीसीएसईच्या गुणांना काही बाधा आली नाही. आकडा कोणासाठी काढला जातो, हे यावरून लक्षात यावे.

मग शाळेत इतका ताण का, असे तुम्ही विचाराल. १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने इंग्लंडमध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, त्याबरोबर ठरावीक वयाच्या चाचण्या आल्या, आणि अकराव्या वर्षीच्या चाचण्या १९९५ पासून देशभर सुरू झाल्या. शाळेचा निकाल शाळेच्या नावानिशी जाहीर होतो, त्यावरून शाळांची तुलना होते आणि तपासणीला येणारे अधिकारीही तो पाहतात. या जाहीर तुलनेलाच विरोध म्हणून २०१० मध्ये शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या दोन संघटनांनी चाचण्यांवर बहिष्कार घातला आणि सुमारे पाव शाळांनी त्या घेतल्याच नाहीत. ‘ही शाळेची परीक्षा आहे, मुलाची नव्हे’ असे आम्ही शिक्षक पालकांना नेहमी सांगतो. ते खरे असले तरी पेन्सिल मुलाच्या हातात असते आणि मोठ्यांच्या चेहऱ्यावरची काळजी त्याला वाचता येते. मुलाला एवढेच सांगावे की तुझी शाळा ठरलेली आहे, तुला जे येते ते नीट लिहून ये. तारखांसह सांगितले तर मुलांना ते पटते, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी मुलीला आपल्या पद्धतीने भागाकार शिकवला, तर ती म्हणते, ‘बाबा, असा भागाकार आमच्याकडे चालत नाही.’ तिचे गुण जातील का? शिवाय त्या चार दिवसांत शाळेत नेमके काय होते, हेही समजून घ्यायचे आहे.
(एक वडील, मिल्टन कीन्स)

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेते. सोमवारी व्याकरण आणि विरामचिन्हांची ४५ मिनिटांची पत्रिका असते आणि तिच्यानंतर २० शब्दांचे शुद्धलेखन. त्यात शिक्षक एकदा नुसता शब्द उच्चारतात, मग तो असलेले वाक्य वाचतात आणि पुन्हा शब्द सांगतात. मंगळवारी वाचनाची एक तासाची पत्रिका असते, तिच्यात तीन उतारे असतात आणि उतारे वाचण्याचा वेळही त्याच तासात धरलेला असतो. बुधवारी अर्ध्या तासाचे अंकगणित आणि ४० मिनिटांची ‘रीझनिंग’ची, म्हणजे विचार करून सोडवायच्या उदाहरणांची पत्रिका, आणि गुरुवारी तशीच आणखी एक. कॅल्क्युलेटर कुठेही चालत नाही. प्रश्नपत्रिकांची मोहोरबंद पाकिटे शाळेत कुलपात असतात आणि चाचणीच्या आधीच्या तासाभरातच उघडली जातात. भिंतींवरचे पाढ्यांचे तक्ते, व्याकरणाच्या संज्ञा, कठीण शब्दांच्या याद्या, उत्तराला मदत होईल असे सारे काढावे लागते किंवा झाकावे लागते. दरवर्षी आदल्या शुक्रवारी संध्याकाळी मी आणि माझे सहकारी भिंतींवर कागद चिकटवत असतो. उत्तरपत्रिका शाळेत तपासल्या जात नाहीत, त्या बाहेरच्या परीक्षकांकडे जातात.

आता भागाकार. अंकगणिताच्या पत्रिकेत ३० मिनिटांत ३६ उदाहरणे सोडवायची असतात आणि त्यांना ४० गुण असतात, कारण मोठे गुणाकार आणि मोठे भागाकार प्रत्येकी दोन गुणांचे असतात. उत्तर बरोबर असेल तर दोन्ही गुण मिळतात, पद्धत तुमची असो की शाळेची. उत्तर चुकले, पण रीतसर मांडणी दिसत असून आकडेमोडीत एकच चूक असेल, तर एक गुण मिळतो. म्हणजे मुलीचे म्हणणे पूर्ण बरोबर नाही, पण तिची मांडणी मोडू नये असे मी तरीही सुचवेन, आणि त्याचे कारण एका उदाहरणावरून दिसेल. ४३६८ ला २१ ने भागायचे आहे. ४३ ला दोनाचा भाग जातो, १ उरतो, वरून ६ उतरवला की १६ होतात आणि त्यांत २१ जात नाहीत. इथे भागाकारात शून्य मांडून मगच ८ उतरवायचा असतो. आपण भाजक डावीकडे, भाज्य मध्ये आणि भागाकार उजवीकडे लिहितो. त्या उजवीकडच्या मोकळ्या जागेत हे शून्य विसरणे फार सोपे असते आणि २०८ ऐवजी २८ लिहिले जाते. इंग्लंडमध्ये भागाकार भाज्याच्या डोक्यावर लिहितात, प्रत्येक अंक ज्याच्या त्याच्या स्थानावर. ६ च्या डोक्यावरची रिकामी जागा मुलाला डोळ्यांनी दिसते. आपली पद्धत वाईट नाही, मी स्वतः तिच्यावरच वाढले. पण घाईत लिहिणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाला ती रिकामी जागा सांभाळून घेते.

पाढे मात्र आपल्याच पद्धतीने चालू ठेवावेत. इंग्लंडमध्ये १२ पर्यंतचे पाढे अपेक्षित असतात आणि इयर फोरमध्ये त्यांची २५ प्रश्नांची, दर प्रश्नाला सहा सेकंदांची वेगळी तपासणी होते. ज्या मुलीला एकवीसचा पाढा तोंडपाठ आहे, तिला वरच्या भागाकारात कडेला बेरजा करत बसावे लागत नाही. एक सावधगिरी मात्र बाळगावी. या वर्गात एक कोटीपर्यंतच्या संख्या असतात आणि घरी आपण लाखांत बोलतो. मुलगी दहा लाख लिहिताना स्वल्पविराम १०,००,००० असे देते की १,०००,००० असे, ते एकदा पाहून घ्यावे.

प्रश्न : आम्ही दीड वर्षापूर्वी नाशिकहून आलो. मुलीचे गणित चांगले आहे, पण इंग्रजी वाचनात ती मागे पडते. चाचण्या संपेपर्यंत घरी मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोलावे, असा सल्ला एका परिचितांनी दिला. तसे करावे का?
(एक आई, हाउन्स्लो)

उत्तर : कृपया तसे करू नये. वाचनाच्या पत्रिकेत काय विचारतात हे पाहिले तर कारण कळेल. काही प्रश्न उताऱ्यातील माहिती शोधण्याचे असतात, काही शब्दार्थाचे. ‘अमुक अर्थाचा एकच शब्द शोधून लिही’ असा प्रश्न हमखास असतो आणि तिथे पूर्ण वाक्य उतरवून काढले तर गुण मिळेलच असे नाही. परंतु मुले जिथे अडतात ते प्रश्न उताऱ्यात थेट न सांगितलेली गोष्ट ओळखण्याचे असतात. पात्राला त्या क्षणी काय वाटले, आणि ते कशावरून म्हणतोस, असे दोन्ही एकत्र विचारलेले असते. तीन गुणांच्या प्रश्नात नुसते मत लिहून भागत नाही, उताऱ्यातील पुरावा द्यावा लागतो.

हे ‘कशावरून’ मराठीतही शिकवता येते, आणि तुम्ही ते इंग्रजीपेक्षा मराठीत कितीतरी चांगले शिकवाल. रात्री मराठी गोष्ट वाचताना एखादे वाक्य येते : ‘आजोबांनी पत्र घडी करून खिशात ठेवले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.’ पुस्तक खाली ठेवून विचारावे, आजोबांना काय झाले असेल? मुलगी म्हणेल, वाईट वाटले. मग विचारावे, कशावरून? ती चष्म्यावर बोट ठेवेल. सुरुवातीला ती नुसते खांदे उडवेल, पण आठवडाभरात स्वतःहून पुरावा शोधू लागेल. ही सवय एकदा लागली की भाषा बदलली तरी जात नाही. परक्या भाषेत अडखळत बोलणाऱ्या घरात मात्र अशा गप्पाच होत नाहीत, आणि मग दोन्हीकडचे नुकसान होते. इंग्रजी शब्दसंग्रहासाठी शाळेच्या वाचनालयातून तिच्या आवडीचे पुस्तक आणावे आणि रोज वीस मिनिटे तिने ते मोठ्याने वाचावे. तुमचे उच्चार शाळेपेक्षा वेगळे असले तरी ऐकणारे कोणी तरी आहे हे तिला पुरेसे असते.

व्याकरणात तर मराठी सरळ उपयोगी पडते. इंग्रजीतील ‘पॅसिव्ह’ म्हणजे साधारणपणे आपला नवीन कर्मणी प्रयोग. ‘मांजराकडून दूध सांडले गेले’ यासारखी वाक्ये मराठीत करून दाखवली की नावाची भीती जाते आणि मग फक्त इंग्रजी रूप शिकायचे राहते. शुद्धलेखन कठीण जाईल, कारण उच्चारावरून अक्षर लिहिण्याची तिची सवय इंग्रजीत दगा देते. इयर फाइव्ह आणि सिक्ससाठी राष्ट्रीय अभ्यासक्रमात १०० शब्दांची यादी दिलेली आहे, ती शाळेकडून मागून घ्यावी आणि दिवसाला दोन शब्द करावेत.

शाळेशी एक गोष्ट आताच बोलून ठेवावी. इंग्रजी नवीन असलेल्या मुलांसाठी गणिताच्या पत्रिकेचे तोंडी किंवा लेखी भाषांतर करण्याची मुभा असते, वर्गात एरवीही तिला तशी मदत मिळत असेल तर. वाचनाच्या आणि व्याकरणाच्या पत्रिकेत भाषांतर चालत नाही. मुलगी चाचणीच्या पातळीच्या बरीच खाली असेल तर तिने ती चाचणी द्यावी की नाही, हे मुख्याध्यापक ठरवतात. दीड वर्षात शिकलेल्या भाषेत तिचे वाचन ९५ आले, तर ते मी उत्तम समजेन, निकालपत्रकावर काहीही लिहिलेले असो.

प्रश्न : आम्ही दोघांनीही लहानपणी चौथीच्या शिष्यवृत्तीसाठी पहाटे उठून सराव केला होता. मुलासाठी शिकवणी लावावी का? तो हल्ली रविवारी रात्री पोट दुखते म्हणतो.
(एक दांपत्य, हॅरो)

उत्तर : शिष्यवृत्ती परीक्षेला बसणे ऐच्छिक होते, तिची गुणवत्ता यादी लागत असे आणि यादीत नाव आले तर पैसे मिळत. सॅट्स सरकारी शाळांतील जवळजवळ सर्व मुलांना द्याव्या लागतात, त्यांत पहिला-दुसरा क्रमांक नसतो आणि हाती पडते ते फक्त एक निकालपत्रक. तुमची पहाटेची मेहनत त्या परीक्षेसाठी योग्य होती, पण ती इथे जशीच्या तशी आणू नये. मागील वर्षांच्या सर्व प्रश्नपत्रिका आणि त्यांची गुणदानाची पुस्तिका सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यासाठी खर्च करण्याची गरज नाही. ईस्टरच्या सुट्टीनंतर आठवड्याला एक पत्रिका पुरे, आणि तीसुद्धा एकूण गुण मोजण्यासाठी नव्हे, तर चुकलेली दोन उदाहरणे पुन्हा शांतपणे सोडवण्यासाठी. पोट दुखते ही तक्रार मला पत्रिकांपेक्षा महत्त्वाची वाटते. याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटून ती सांगावी. मुले घरी जे बोलतात ते शाळेत दाखवत नाहीत, त्यामुळे आम्हाला ते तुमच्याकडूनच कळते.

प्रश्न : चाचणीच्या दिवशी मूल आजारी पडले तर काय करावे? आणि पालकांना मुलाला या चाचण्यांतून वगळून घेता येते का?
(एक वाचक, बर्मिंगहॅम)

उत्तर : सरकारी शाळेत पालकांना वगळून घेण्याचा अधिकार नाही, तो निर्णय मुख्याध्यापकांचा असतो. खासगी शाळांना या चाचण्या घेणे बंधनकारक नाही. आजारपणासाठी सोय आहे. शाळेने अर्ज केला तर ठरलेल्या दिवसानंतर शाळेच्या पाच दिवसांच्या आत ती पत्रिका देता येते, मात्र तोवर तिच्यातील मजकूर मुलाला कळता कामा नये. म्हणून त्या दिवसांत वर्गातील पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरची चर्चा त्याच्या कानावर पडू देऊ नये, मित्रांशी फोनवर बोलणे थांबवावे, आणि सकाळी ताप उतरलेला नसेल तर शाळा भरण्याची वाट न पाहता लगेच कार्यालयात फोन करावा.